गोळी, नियम आणि आपण
(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी रक्तदाबाविषयी बोलावे की नाही, याचा मला थोडा संकोच होता. विश्वस्तांनी मला ‘हृदयविकारावरील अत्याधुनिक उपचार’ असा भारदस्त विषय सुचविला होता. मी तो नम्रपणे बाजूला ठेवला. बायपास, अँजिओप्लास्टी ही या कथेची अखेरची प्रकरणे आहेत. पहिले प्रकरण आपल्या घरच्या फडताळात, अर्ध्यावर सोडून दिलेल्या गोळ्यांच्या पट्टीत असते. त्या पट्टीविषयी मी आज बोलणार आहे. रक्तदाबाची गोळी लिहून दिल्यावर ती घेतली का जात नाही, आणि जे वर्षानुवर्षे घेतात ते कशाच्या बळावर घेतात, एवढाच माझा प्रश्न आहे.

प्रारंभी माझी स्वतःचीच एक चूक सांगतो. माझ्याकडे एक आण्णा येत असत. निवृत्त शिक्षक, थोडी द्राक्षबाग, स्वभाव शिस्तीचा. त्यांचा रक्तदाब 180 च्या घरात होता. मी त्यांना सकाळी एक आणि रात्री झोपताना एक अशा दोन गोळ्या दिल्या. महिन्याने पाहिले तर फारसा फरक नाही. रात्रीच्या गोळीची मात्रा वाढविली. पुन्हा तेच. मग रात्रीसाठी तिसरी गोळी जोडली. आण्णा प्रत्येक वेळी हात जोडून ‘बरं’ म्हणत आणि चिठ्ठी घडी करून खिशात ठेवीत. औषधांना दाद न देणारा रक्तदाब, असा माझा निष्कर्ष तयार होत आला होता.

पुढे हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी आण्णा रुग्णालयात दाखल झाले. मुलाने माझी चिठ्ठी परिचारिकेच्या हाती दिली आणि वडिलांना सूर्यास्तापूर्वीच सगळे द्यावे, असे सांगितले. तिने ते प्रामाणिकपणे केले. दुसऱ्या दिवशी पहाटे आण्णा उठून उभे राहिले आणि भोवळ येऊन पलंगाच्या कडेला कोसळले. रक्तदाब 90 पर्यंत उतरला होता. सुदैवाने हाड मोडले नाही. मी धावत गेलो. आण्णा क्षीण आवाजात म्हणाले, “डॉक्टर, रात्रीच्या गोळ्या मी कधी घेतल्याच नाहीत. सूर्यास्तानंतर पाण्याचाही त्याग आहे माझा, तिशीपासून. मुलगा आणतो म्हणून डब्यात ठेवतो. तुम्ही विचारलं नाहीत, मी सांगितलं नाही.”

मी याच समाजात वाढलेलो आहे. माझ्या आजीने उभ्या आयुष्यात दिवेलागणीनंतर तोंडात काही घातले नाही. असे असूनही समोर बसलेल्या श्रावकाला ‘आण्णा, रात्री पाणी घेता का?’ हा एका ओळीचा प्रश्न मी विचारला नव्हता. खाद्य, स्वाद्य, लेह्य आणि पेय अशा चारही आहारांचा रात्री त्याग करणाऱ्या माणसाला मी रात्रीचे औषध लिहून देत होतो, आणि दोष मात्र त्याच्या रक्तदाबाला लावत होतो.

असे का घडते? रुग्णाला डॉक्टरांचा मान मोडवत नाही आणि स्वतःचा नियमही मोडवत नाही. मग तो दोन्ही सांभाळतो. चिठ्ठी घेतो आणि गोळी घेत नाही. हा खोटेपणा नव्हे, हा भिडस्तपणा आहे; पण त्याचे परिणाम खोटेपणाइतकेच वाईट होतात.

रात्रीच्याच गोळीचा आग्रह धरायला आज शास्त्रीय आधारही उरलेला नाही. ब्रिटनमध्ये 21,000 हून अधिक रुग्णांवर एक मोठा अभ्यास झाला आणि त्याचे निष्कर्ष 2022 मध्ये प्रसिद्ध झाले. काहींनी रक्तदाबाची नेहमीची औषधे सकाळी घेतली, काहींनी संध्याकाळी. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मृत्यू यांच्या प्रमाणात दोन्ही गटांत काहीही फरक आढळला नाही. तेव्हा ज्यांचा रात्री त्याग आहे त्यांनी डॉक्टरांना तसे निःसंकोच सांगावे आणि औषध सकाळी मागून घ्यावे. अॅम्लोडिपिनसारख्या गोळीचा अंमल शरीरात दीड-दोन दिवस रेंगाळतो. ती दिवसातून एकदाच घ्यायची असते. पूर्वी दिवसातून तीन-तीनदा औषधे घ्यावी लागत, ते दिवस मागे पडले.

मुनिमहाराजांची चर्या आठवून पहा. चोवीस तासांत एकदाच, उभ्याने, अंजलीत आहार. पाणी आणि औषध जे काही घ्यायचे ते त्याच वेळी. चातुर्मासात एका वयोवृद्ध महाराजांच्या रक्तदाबासाठी मला बोलावणे आले होते. दिवसातून एकदाच घ्यावयाची गोळी निवडली आणि ती आहाराच्या प्रारंभी देण्याचे ठरले. श्रावक रोज ती पाण्याबरोबर अंजलीत देत. चार महिन्यांत एकही दिवस चुकला नाही, केवळ अंतराय आला ते दिवस सोडून. माझ्या दवाखान्यातील एकाही गृहस्थाची नोंद इतकी स्वच्छ नव्हती, हे कबूल केले पाहिजे.

आता दुसऱ्या, अधिक गंभीर प्रसंगाकडे वळतो. दशलक्षण पर्वात आपल्याकडे अनेक जण एकाशन करतात, काही जण दहाही दिवसांचे उपवास करतात. एक काकी होत्या. त्यांनी उपवास केले आणि त्या दिवसांत गोळी बंद ठेवली. आठव्या-नवव्या दिवशी शेजारच्या मुलाने यंत्रावर रक्तदाब मोजला. 118! घरात आनंद झाला. ‘तपाने आजार गेला’, असे सगळे म्हणाले, आणि पारणे झाल्यावर गोळी पुन्हा सुरू झालीच नाही. दिवाळीच्या आधी एका सकाळी काकींची उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. आज त्या चालतात. सगळे समजते. परंतु णमोकार मंत्र म्हणायला जातात तेव्हा पहिल्या पदाच्या पुढे शब्द येत नाहीत, आणि डोळ्यांतून पाणी येते.

तपाविषयी मी काही बोलणार नाही. तो माझा अधिकार नाही. शरीराविषयी बोलतो. उपवासात अन्नाबरोबर मीठ बंद होते, शरीरातील पाणी कमी होते, वजन उतरते आणि त्यामुळे रक्तदाब खाली येतो. हा परिणाम त्या दिवसांपुरता असतो. पारणे झाले, मीठ-पाणी पूर्ववत सुरू झाले की रक्तदाब आपल्या जागी परततो. तो परतताना आवाज करीत नाही.

याची दुसरी बाजूही लक्षात घ्या. निर्जल उपवासात लघवी वाढविणारी गोळी आदल्या दिवसापर्यंत चालू राहिली तर शरीर कोरडे पडते, भोवळ येते, मूत्रपिंडावर ताण येतो. म्हणजे उपवासात काही औषधे कमी करावी लागतात, हे खरेच. पण कोणते आणि किती, हे शेजारच्या मुलाने किंवा मंदिराच्या पायरीवर ठरवायचे नाही. अॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल या जातीच्या गोळ्या एकाएकी तोडल्या तर नाडी धावू लागते, आणि ज्याला हृदयविकार आहे त्याच्या जिवावर बेतू शकते. पर्वाच्या आठ-दहा दिवस आधी डॉक्टरांकडे जा आणि ‘मी अमुक उपवास करणार आहे, पाणी घेणार आहे किंवा नाही’ असे स्पष्ट सांगा. ज्यांना मधुमेहही आहे किंवा ज्यांचे मूत्रपिंड अशक्त आहे, त्यांच्यासाठी हे अधिकच आवश्यक आहे. पारण्याच्या दिवशी कोणती गोळी पुन्हा सुरू करायची, तेही त्याच चिठ्ठीवर लिहून घ्या.

माझ्या व्यवसायबंधूंनाही दोन शब्द. ‘उपवास-बिपवास काही करायचे नाहीत’ असे दरडावणारा डॉक्टर स्वतःला शास्त्रीय समजतो. वास्तविक तो रुग्ण गमावतो. रुग्ण उपवास करतोच, फक्त डॉक्टरांकडे यायचे बंद करतो.

‘मला काही होत नाही, मग गोळी कशाला?’ हे वाक्य मी दिवसातून किती वेळा ऐकतो याची गणती नाही. डोके दुखले की गोळी, नाही दुखले की सुट्टी. डोकेदुखी हे रक्तदाबाचे मापक नव्हे. दोनशे रक्तदाब घेऊन लग्नात पंगत वाढणारे लोक मी पाहिले आहेत. कागदावर एक आकडा दिसतो, अंगात काही जाणवत नाही. आणि गोळी घेतल्यावर मात्र काही तरी जाणवते. पावलांना सूज येते, एखाद्या गोळीने कोरडा खोकला लागतो, लघवीला वारंवार जावे लागते. प्रवचनाच्या वेळी शांत सभेत एकसारखा खोकला येणाऱ्या गृहस्थाने ती गोळी सोडली, तर त्याला मी मूर्ख म्हणणार नाही. त्याने ते मला येऊन सांगितले नाही, एवढीच माझी तक्रार आहे. खोकला आणणाऱ्या गोळीला न खोकविणारा पर्याय आहे. सूज आणणारीची मात्रा कमी करता येते, तिच्या जोडीला दुसरी देता येते. पुरुषांच्या काही अडचणी असतात, त्या ते बायकोलाही सांगत नाहीत, मग डॉक्टरांची गोष्ट दूरच. त्यांनाही उपाय आहेत.

जागतिक आरोग्य संघटनेने 2003 मध्ये या विषयावर एक अहवाल प्रसिद्ध केला. दीर्घकालीन आजारांत, श्रीमंत देशांतसुद्धा, सरासरी निम्मेच रुग्ण उपचार नीट पाळतात, असे त्यात नमूद आहे. तेव्हा हा केवळ आपल्या गावाचा किंवा समाजाचा दोष नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत शंभर प्रौढांमागे सुमारे पस्तीस जणांना उच्च रक्तदाब आढळला. या सभागृहाच्या रांगा मोजून पहा. प्रत्येक रांगेत तीन-चार जण निघतील.

आपल्या काही अडचणी मात्र खास आपल्या आहेत. त्यांतील एक कॅप्सूलची. कॅप्सूलचे आवरण बहुधा जिलेटिनचे असते आणि जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून बनते. हे कळल्यावर अनेक श्राविका कॅप्सूल घरी नेतात आणि तुळशीच्या कुंडीत पुरतात. हा प्रकार मी प्रत्यक्ष पाहिला आहे. त्यांची भावना मला पूर्णपणे मान्य आहे. परंतु रक्तदाबाची बहुतेक प्रमुख औषधे साध्या गोळीच्या रूपात मिळतात. जे औषध कॅप्सूलमध्ये लिहिले असेल त्याच्याऐवजी गोळी मागा. डॉक्टर रागावत नाहीत. रागावले तर डॉक्टर बदला.

दुसरी अडचण विचाराची. ‘असाता वेदनीय कर्माचा उदय आहे, तो भोगूनच संपवायचा, औषध कशाला?’ असे एका ज्येष्ठ श्रावकांनी मला विचारले होते. मी पंडित नाही. पण आपल्या चार दानांत औषधदान आहे. या ट्रस्टच्या दवाखान्याच्या भिंतीवर औषधदान करणाऱ्या दात्यांची नावे संगमरवरावर कोरलेली आहेत, आणि त्यांतील एक नाव त्या श्रावकांचेच होते. दुसऱ्याला औषध देणे पुण्य असेल, तर ते स्वतः घेण्यात उणेपणा कोठून आला, असे मी त्यांना विचारले. ते हसले. गोळी सुरू झाली की नाही ते मात्र मला कळले नाही, कारण नंतर ते मुलाकडे पुण्याला गेले.

एका ऐंशीच्या पुढच्या आप्पांनी याहून नाजूक गोष्ट काढली. “आता आमचे सल्लेखनेचे दिवस, गोळ्या कशाला लांबवायच्या?” या प्रश्नापुढे डॉक्टरने नम्रच असले पाहिजे. 1955 मध्ये कुंथलगिरीवर आचार्य शांतिसागर महाराजांनी सल्लेखना घेतली, त्या दिवसांच्या आठवणी माझ्या वडिलांच्या पिढीने आम्हांला ऐकविल्या आहेत. ते पूर्ण जागृतीत, विचारपूर्वक घेतलेले व्रत होते. गोळी विसरणे किंवा कंटाळून टाकणे हे व्रत नव्हे. पक्षाघात माणसाला मृत्यू देईलच असे नाही. पुष्कळदा तो स्मृती नेतो, वाचा नेतो, आणि देह मागे ठेवतो. ज्या जागृतीत ते व्रत घ्यायचे, तीच अगोदर जाते. मी आप्पांना काकींविषयी सांगितले, नाव न घेता. त्यांनी बराच वेळ काही उत्तर दिले नाही. मग सुनेला म्हणाले, “पट्टी कुठं ठेवलीस?”

सुनांचा विषय निघाला म्हणून एक निरीक्षण सांगतो. एकाच घरात आण्णांची आणि काकींची, दोघांचीही गोळी चालू असते. आण्णांची महिन्याच्या महिन्याला येते. काकींची संपते, तेव्हा त्या ‘पुढच्या बाजाराला आणू’ म्हणतात, किंवा आण्णांच्या पट्टीतली अर्धी मोडून घेतात. घरातील प्रत्येकाचे पथ्य काकींच्या लक्षात असते आणि काकींचे औषध कोणाच्याही लक्षात नसते. खर्चाचे कारण पुढे येते, पण साधी रक्तदाबाची गोळी आज फार महाग नाही. जनऔषधी केंद्रात ती अत्यल्प किमतीत मिळते. तेव्हा अडते ते पैशापाशी नव्हे.

‘अॅलोपॅथी बंद करून झाडपाला सुरू केलाय’, असेही ऐकू येते. याचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. रक्तदाबावर जगभर वापरल्या गेलेल्या अगदी आरंभीच्या औषधांपैकी एक आपल्या सर्पगंधेच्या मुळापासून आले. 1931 मध्ये कोलकात्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्याविषयी लिहिले. 1949 मध्ये मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी आपल्या रुग्णांवरील अनुभव ब्रिटनच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला आणि पाश्चात्त्य जग जागे झाले. त्याच्या चारच वर्षे आधी, 12 एप्रिल 1945 रोजी, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट मेंदूतील रक्तस्रावाने गेले. त्या दिवशी त्यांचा रक्तदाब 300 च्या वर मोजला गेला होता. जगातील सर्वांत बलाढ्य माणसाजवळ जी गोळी नव्हती, ती आज आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानात आहे. आणि सर्पगंधेविषयी पुढे असेही आढळले की, तिच्यातील द्रव्याने काही रुग्णांच्या मनावर औदासीन्य येते. मुळी झाडाची असली तरी तिलाही गुणदोष असतात, मात्रा असते. झाडपाला घ्यायचाच असेल तर चालू गोळी न सोडता आणि डॉक्टरांना सांगून घ्या.

मिठाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ते आपल्याला नवे नाही. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चमचाभर मीठ सांगते. आपण त्याच्या दुपटीच्या आसपास खातो. आमटी-भाजीत जाते ते दिसते. पापड, सांडगे, लोणचे, भडंग आणि चहाबरोबरची खारी यांतले दिसत नाही. पापडात मीठ असतेच, शिवाय पापडखारातही सोडियम असतेच. आपल्या बाह्य तपांत रसपरित्याग आहे, सहा रसांत लवण आहे, आणि रविवारी मीठ न खाणारे कितीतरी श्रावक मी ओळखतो. रविवारी पूर्ण त्याग आणि सोमवारी ताटात दोन पापड, यापेक्षा रोजचे थोडे उणे केलेले शरीराला अधिक मानवते.

जे लोक गोळी सोडत नाहीत, त्यांच्यात मला काय दिसते? ते अधिक शिकलेले असतात असे नाही. अधिक घाबरलेले असतात असेही नाही. भीती दोन-तीन महिने पुरते. त्यांनी गोळीला दिवसात एक जागा दिलेली असते. एक आक्का देवदर्शनाहून आल्यावर अक्षतांची डबी जिथे ठेवतात तिथेच गोळ्यांची डबी ठेवतात. दर्शन चुकत नाही, म्हणून गोळीही चुकत नाही. त्या मला म्हणाल्या, “डॉक्टर, मी गोळी घेत नाही, नियम पाळते.” चाळीस-चाळीस वर्षे कंदमूळ न खाणाऱ्या, पाणी गाळून पिणाऱ्या समाजाला आठवण करून देणारे यंत्र लागू नये. आपल्याला सवय लावून घेण्याची विद्या येते. ती आपण या कामी वापरलेली नाही, एवढेच.

ट्रस्टला माझी एक विनंती आहे. 2017 च्या अखेरीस केंद्र सरकारने राज्यांच्या सहकार्याने रक्तदाब नियंत्रणाचा एक उपक्रम सुरू केला. पहिल्या राज्यांत महाराष्ट्रही होता. त्यात नवे यंत्र किंवा नवे औषध काही नव्हते. ठरलेल्या मोजक्या गोळ्या, जवळच्या केंद्रात त्यांचा पुरेसा साठा, एकदम महिन्याभराचे औषध, प्रत्येक रुग्णाची नोंद, आणि जो आला नाही त्याची विचारपूस, एवढेच होते. आपल्या दवाखान्यात दर रविवारी रक्तदाब मोजला जातो, ही चांगली गोष्ट आहे. परंतु वहीत आलेल्यांची नोंद होते. न आलेल्यांची होत नाही. युवक मंडळाच्या दोन मुला-मुलींनी महिन्यातून एकदा वही उघडून न आलेल्यांना दूरध्वनी करावा. पन्नास वर्षांत या ट्रस्टने सभागृह बांधले, पाठशाळा चालविली. या कामाला वीटही लागणार नाही.

माझे बोलणे येथे थांबवितो. बाहेरच्या ओवरीत टेबल मांडले आहे, यंत्र आणि पट्टा आणला आहे. येण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसा, पाय जमिनीला टेकलेले असू द्या, आणि मोजताना बोलू नका. घरून गोळ्यांच्या पट्ट्या आणल्या असतील तर त्या दाखवा. ज्यांनी आज सकाळची गोळी घेतलेली नाही, त्यांनी तसे सांगावे. मी रागावणार नाही; का घेतली नाही, एवढेच विचारीन.

जयजिनेंद्र.